एक रात्र मुक्कामाची : ऑस्ट्रेलियातील लहान गावे व त्यांचे पाहुणे

ऑस्ट्रेलियाची बहुतेक लोकवस्ती समुद्रकाठच्या मोठ्या शहरांत एकवटलेली आहे. आतल्या प्रदेशात गव्हाची विस्तीर्ण शेते, मेंढ्यांची कुरणे आणि त्यांमध्ये दूरदूर विखुरलेली लहान गावे आढळतात. यंत्रे आली, शेते मोठी झाली व शेतकरी कुटुंबांची संख्या घटली. वस्ती घटली की आगगाडी, बँक, दुकान, शाळा यांवर एकामागून एक गदा येते. या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी अनेक गावांनी एक जोडधंदा हाती घेतला आहे. शाळेच्या सुट्यांत शहरांतील कुटुंबांना मुक्कामास आणणे, हा तो धंदा होय.

उतरण्याची सोय

तेथील कुटुंबे बहुधा स्वतःच्या मोटारीने प्रवास करतात. कित्येक जण मोटारीमागे 'कॅरव्हॅन' म्हणजे चाकांवरचे लहानसे घर जोडून नेतात, तर काही जण तंबू घेऊन निघतात. त्यांच्याकरिता बहुतेक गावांत तळ राखलेला असतो. तेथे आखलेल्या जागा, पाणी, विजेची जोडणी, सामायिक स्नानगृहे आणि स्वयंपाकाची जागा एवढी व्यवस्था असते. अनेक तळ गावची स्थानिक संस्थाच चालविते. काही लहान तळांवर वसुलीस माणूसही नसतो. पाहुण्याने ठेवलेल्या पेटीत आपण होऊन पैसे टाकावयाचे असतात. काही शेतकरी आपल्या शेतावरच पाहुण्यांना ठेवून घेतात. कोकरांना दूध पाजणे, अंडी गोळा करणे, मेंढ्यांची लोकर कातरताना पाहणे, यांतच शहरी मुलांचा दिवस आनंदात जातो.

पाहण्यासारखे काय?

या गावांनी नवे फारसे बांधले नाही. जे होते तेच नीट मांडले. व्हिक्टोरिया राज्यातील ब्रिम हे जेमतेम दोनशे वस्तीचे गाव. तेथे १९३९ साली बांधलेली धान्याची उंच कोठारे वापराविना उभी होती. गिडो व्हॅन हेल्टन या चित्रकाराने त्यांवर स्थानिक शेतकऱ्यांची चार भव्य चित्रे रंगविली व ती जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण झाली. पुढे शेजारच्या गावांनीही तोच मार्ग धरला. शीप हिल्स येथील कोठारांवर तेथील आदिवासी समाजातील दोन वडीलधारी माणसे व दोन मुले रंगविलेली आहेत. आज रुपन्यपपासून पॅचवोलॉकपर्यंत सुमारे २०० किलोमीटरचा हा चित्रमार्ग झाला आहे. याच भागात पिकणारा मसूर भारतातही येतो.

मरे नदीवरील एचुका येथे लाकडी धक्का व चाकाच्या आगबोटी जतन केल्या आहेत. पूर्वी या बोटींतून लोकर येई व येथून आगगाडीने मेलबर्नला जाई. आता त्याच जुन्या बोटींतून पाहुणे फेरी मारतात. स्वान हिल येथे १९६६ मध्ये जुनी घरे, दुकाने व शेतीची यंत्रे एकत्र मांडून उघड्यावरचे संग्रहालय सुरू करण्यात आले.

न्यू साउथ वेल्समधील पार्क्स गावाजवळ कुरणांच्या मधोमध ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण १९६१ पासून उभी आहे. १९६९ साली चंद्रावर माणूस उतरला, त्या वेळची दृश्ये जगापुढे आणण्यात तिचा मोठा वाटा होता. जानेवारी हा तेथे कडक उन्हाळा. पाहुणा फिरकत नसे. म्हणून गावाने १९९३ पासून अमेरिकन गायक एल्व्हिस प्रेस्ली याच्या नावाने त्याच महिन्यात उत्सव सुरू केला. गर्दी वाढताच गावकऱ्यांनी पाहुण्यांना आपल्या घरांत जागा दिली.

पाहुण्यांनी पाळावयाचे नियम

शेताचे फाटक बंद असल्यास बंद, उघडे असल्यास उघडेच ठेवावे, हा तेथील पहिला नियम. बुटांना व चाकांना चिकटून तणाचे बी व रोग पसरतात, म्हणून परवानगीवाचून पिकात पाऊल टाकीत नाहीत. फळमाशी पसरू नये यासाठी दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरताना नाक्यावर प्रवाशांकडील फळे काढून घेतली जातात. पाहुण्याच्या करमणुकीपेक्षा पिकाचे रक्षण श्रेष्ठ, हे तत्त्व तेथे सर्वांना मान्य आहे.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट

चित्र पाहून मोटार पुढे गेली, तर गावाच्या हाती धूळच राहते. कुटुंब एक रात्र राहिले की पाव, दूध, जेवण, इंधन यांचे पैसे गावात पडतात. म्हणून प्रेक्षणीय स्थळाइतकेच महत्त्व स्वच्छ शौचालय, पिण्याचे पाणी, मुलांना खेळण्याची जागा व सावली यांना दिले जाते.

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण स्वीकारले आहे. या कामी पुढे येणाऱ्या शेतकरी बांधवांनी व ग्रामकार्यकर्त्यांनी प्रथम मोठ्या इमारतीचा विचार करू नये. आपल्या गावात आधीपासून काय आहे याची यादी करावी, पाणी व स्वच्छतेची सोय पाहावी आणि पाहुण्यांसाठी नियम ठरवावेत. त्याचबरोबर, हा जोडधंदा शेतीच्या जोडीचा आहे, तिच्या जागी आलेला नव्हे, याचा विसर पडू देऊ नये.