आमदारांची मतपत्रिका आणि मतदारांचा हक्क

राज्यसभेची निवडणूक हा विधानभवनाच्या भिंतींआडचा मामला. पनवेलकरांस तिच्याशी काय कर्तव्य, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती आम्हांस मान्य नाही.

१० जून २०२२ रोजी महाराष्ट्रातील सहा जागांसाठी सात उमेदवार रिंगणात होते. दोन दशकांहून अधिक काळानंतर लढत झाली आणि निकाल लागला तो दुसऱ्या दिवशी पहाटे. पियूष गोयल व अनिल बोंडे यांस प्रत्येकी ४८, इम्रान प्रतापगढी यांस ४४, प्रफुल्ल पटेल यांस ४३ आणि संजय राऊत यांस ४१ मते पडली. सहाव्या जागेकरिता शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३, तर भाजपच्या धनंजय महाडिकांना २७ मते होती; तरी निवडून आले महाडिक! यात जादू काहीच नव्हती. २८४ वैध मतांवर विजयाचा कोटा ४०.५८ ठरला आणि गोयल-बोंडे यांची त्यावरची मते दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वळली. भाजपचे गणित चोख होते, हे विरोधकांनीही कबूल करावे.

परंतु भाजपचे आमदार १०६ असता तिघांच्या पहिल्या पसंतीची बेरीज १२३ भरते. वरची १७ मते कोणाची? २००३ च्या दुरुस्तीपासून पक्षाचा आमदार आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीस दाखवितो. अपक्षाने ती कोणासही दाखवावयाची नसते. (सुहास कांदे यांचे मत या दाखविण्याच्याच तंट्यात बाद झाले.) शेजारच्या उरणचे महेश बालदी २०१९ मध्ये अपक्ष म्हणून निवडून आले, भाजपला त्यांचा पाठिंबा उघड होता, तरी त्यांची पत्रिका पाहण्याचा अधिकार उरणच्या एकाही मतदारास नव्हता. पनवेलचे प्रशांत ठाकूर भाजपचे. त्यांची पत्रिका पक्षाने पाहिली, पनवेलने नाही.

घोडेबाजार थांबावा म्हणून हा पहारा बसविला, असे सांगितले जाते. तो कितपत पुरा पडला? महिना उलटण्यापूर्वीच शिवसेना फुटली आणि रायगडातील तिचे तिन्ही आमदार, महाडचे भरत गोगावले, अलिबागचे महेंद्र दळवी व कर्जतचे महेंद्र थोरवे, एकनाथ शिंदे यांच्यासमवेत गेले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सहाही जागा बिनविरोध भरल्या गेल्या, म्हणून हा प्रश्न मागे पडला. पुन्हा लढत होण्यापूर्वी संसदेने कायदा बदलावा आणि निकालानंतर प्रत्येक आमदाराची पहिली, दुसरी व पुढची पसंती नावानिशी प्रसिद्ध करावी, अशी आमची मागणी आहे. तोवर पनवेलच्या व उरणच्या आमदारांनी संसदेपुढे ही मागणी आपणहून मांडण्यास कोणाची आडकाठी आहे?