चित्रसंकेत

दैनंदिन व्यवहारातील वस्तू, प्राणी, व्यक्ती वा क्रिया यांचे तपशील गाळून, ओळख पटण्यास आवश्यक तेवढ्याच रेषा व सपाट आकार यांच्या साहाय्याने केलेली रेखाकृती म्हणजे चित्रसंकेत होय. हुबेहूब चित्र आणि केवळ रूढीने अर्थ प्राप्त झालेले चिन्ह यांच्या मधले स्थान तिला दिले जाते. चित्र एखाद्या विशिष्ट वस्तूचे असते. चित्रसंकेत त्या जातीच्या सर्व वस्तूंचा प्रतिनिधी असतो. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) याने चिन्हांचे सादृश्यावर, प्रत्यक्ष संबंधावर आणि संकेतावर आधारलेली असे तीन वर्ग कल्पिले. चित्रसंकेताचा आरंभ सादृश्यात होतो. तथापि वापराने तो हळूहळू तिसऱ्या वर्गाकडे सरकतो.

प्रक्रिया : वस्तूचे अमूर्तीकरण सामान्यतः तीन टप्प्यांनी होते. प्रथम दृष्टिकोन निश्चित करावा लागतो. किटली बाजूने पाहिली, तरच तिची तोटी व मूठ दोन्ही दिसतात. कात्री उघडी व सपाट ठेवलेली असली, तर चटकन ओळखू येते. खुर्ची वरून पाहिल्यास केवळ चौकोन उरतो. त्यानंतर पोत, छटा, यथादर्शन व अलंकरण वगळून बाह्यरेखा सोपी केली जाते. या टप्प्यावर काय गाळावे यापेक्षा काय गाळू नये, हे ठरविणे अधिक कठीण असते. कपाचा कान काढला, की तो पेला होतो; छत्रीचा वाकडा दांडा सरळ केला, की ती अळंबीसारखी दिसू लागते. अखेरीस रेषेची जाडी, कोपऱ्यांची गोलाई आणि आकारांची प्रमाणे एकसारखी करून ती आकृती मालिकेतील इतर आकृत्यांशी जुळवून घेतात. रिकाम्या जागेलाही आकृतीइतकेच महत्त्व असते. कपाचा कान आणि त्याची भिंत यांमधील मोकळी जागा बुजली, तर लहान आकारात छापलेला कप हा नुसता ठिपका होतो.

इतिहास : मोटारींचा प्रसार झाल्यावर पॅरिस येथे १९०९ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये उंचसखल रस्ता, वळण, चौरस्ता व रेल्वेफाटक यांसाठी धोक्याची चार चिन्हे मान्य करण्यात आली. चित्रसंकेतांना पद्धतशीर रूप मात्र व्हिएन्नात लाभले. ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ व समाजशास्त्रज्ञ ऑटो नॉयराट (१८८२–१९४५) याने १९२५ मध्ये तेथे सामाजिक व आर्थिक विषयांचे संग्रहालय स्थापन केले. घरे, रोजगार, जन्ममृत्यू यांचे आकडे सामान्य कामगारालाही समजावेत, हा त्याचा हेतू होता. त्याचा मुख्य नियम असा, की मोठी संख्या दाखविण्यासाठी आकृती मोठी करू नये. तीच आकृती पुन:पुन्हा मांडावी. माणसाची आकृती दुप्पट उंच केली, तर तिचे क्षेत्रफळ चौपट होते व वाचकाची फसगत होते, हे त्यामागचे कारण. आकडेवारीतून चित्ररूप मांडणी सिद्ध करण्याचे काम मारी रायडेमाइस्टर (१८९८–१९८६) हिने, तर आकृत्या घडविण्याचे काम जर्मन चित्रकार गेर्ट आर्न्ट्‌झ (१९००–१९८८) याने केले. आर्न्ट्‌झ आपल्या आकृत्या लिनोलियमवर कोरीत असे. या माध्यमात नाजूक छटांना वाव नसल्यामुळे त्याच्या कामगार, खाणवाला, बेकार इ. आकृत्यांना ठसठशीतपणा आला. अशा सु. ४,००० आकृत्या त्याने केल्या. ही पद्धती १९३५ पासून ‘आयसोटाइप’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर टोकिओ येथील ऑलिंपिक सामन्यांत (१९६४) अनेक भाषांच्या प्रेक्षकांसाठी क्रीडाप्रकारांचे चित्रसंकेत वापरण्यात आले. म्यूनिक ऑलिंपिकसाठी (१९७२) ओट्ल आयखर (१९२२–९१) याने आडव्या, उभ्या व ४५ अंशांच्या तिरप्या रेषांच्या जाळीवर खेळाडूंच्या आकृत्या बसविल्या. मेक्सिको शहराच्या भुयारी रेल्वेत (१९६९) याउलट स्थानिक संदर्भांना प्राधान्य देऊन प्रत्येक स्थानकाला स्वतंत्र चित्रसंकेत देण्यात आला. त्यामुळे निरक्षर प्रवाशालाही आपले स्थानक ओळखता येते.

भारतातील निवडणूक चिन्हे : १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण सु. १८ टक्के होते. त्यामुळे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदाराला उमेदवार ओळखता यावा, यासाठी चिन्हांचा अवलंब करण्यात आला. प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी मतपेटी असे व तीवर त्याचे चिन्ह चिकटविलेले असे. काँग्रेसला बैलजोडी, समाजवादी पक्षाला वडाचे झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाला झोपडी, जनसंघाला दिवा, तर कम्युनिस्ट पक्षाला कणीस व विळा ही चिन्हे मिळाली. पुढे मतपत्रिकेवरच चिन्हे छापली जाऊ लागली. निवडणूक आयोगातील आरेखक एम्. एस्. सेठी यांनी १९९२ मध्ये निवृत्त होईपर्यंत अशी अनेक चिन्हे रेखाटली. कंगवा, शिवणयंत्र, पंखा, कुलूप, शिडी यांसारख्या घरगुती वस्तूंचा त्यांत भरणा आहे.

मतदाराच्या मनात आकृतीबरोबर तिचे नावही वावरते, ही या पद्धतीतील अडचण होय. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष (शरदचंद्र पवार) या पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे होते, तर काही अपक्ष उमेदवारांना मिळालेल्या पाश्चात्त्य धर्तीच्या ट्रंपेटचेही मराठी नाव ‘तुतारी’ असेच देण्यात आले होते. दोन्ही आकृती भिन्न असूनही नामसाम्यामुळे मतदारांचा गोंधळ झाल्याची तक्रार त्या पक्षाने आयोगाकडे केली.

मर्यादा : चित्रसंकेत सर्वांना आपोआप समजतो, हा समज बरोबर नाही. वस्तू व्यवहारातून गेली, तरी तिची आकृती मागे उरते. वाफेची इंजिने नित्याच्या वाहतुकीतून गेल्यानंतरही भारतात विनाफाटक रेल्वे ओलांडणीच्या सूचनाफलकावर तेच इंजिन राहिले. ज्याच्या मुळाशी परिचित वस्तूच नाही, असे चिन्ह तर शिकविल्याशिवाय कळत नाही. किरणोत्साराचे तीन पाकळ्यांचे चिन्ह १९४६ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झाले. परंतु अनभिज्ञ माणसाला त्यात पंखा वा फूल दिसू शकते. ब्राझीलमधील गोयानिया येथे १९८७ मध्ये टाकून दिलेले उपचारयंत्र भंगारात फोडले गेले व त्यातील सीझियम-१३७ मुळे चौघांचा मृत्यू झाला. दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात २०१० मध्ये कोबाल्ट-६० मुळे एक जण दगावला. ज्यांच्या हाती अशी यंत्रे पडतात, त्यांना इशारा कळणे हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाने भारतासह अकरा देशांतील लोकांकडून चाचणी करवून घेऊन २००७ मध्ये पूरक चिन्ह प्रसृत केले. त्यात जुन्या चिन्हाखाली किरणलहरी, कवटी व पळणारा माणूस या आकृती लाल त्रिकोणात योजिल्या आहेत.

संगणकाच्या पडद्यावर कागद, फाइल, कचऱ्याची टोपली यांच्या लघुआकृती १९८० नंतरच्या दशकात आल्या, आणि १९९९ मध्ये जपानमधील भ्रमणध्वनींसाठी १२ × १२ बिंदूंच्या जाळीवरील १७६ भावचिन्हांचा संच तयार झाला. माध्यमे बदलली, तरी कसोटी तीच राहिली आहे : काढणाऱ्याला अभिप्रेत असलेला अर्थ, त्याला कधीही न भेटलेल्या पाहणाऱ्यापर्यंत शब्दांवाचून पोचला पाहिजे. म्हणूनच आकृती रेखाटून झाल्यावर ती अपेक्षित लोकांना दाखवून त्यांना काय समजले, हे तपासणे हा आता या कलेचा अपरिहार्य भाग मानला जातो.