परवाना फुकट, सांभाळ नाही

देणगीदार, सभासद, स्वयंसेवक यांच्या नोंदींसाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर शोधणाऱ्या संस्थेपुढे हमखास येणारे नाव म्हणजे सिव्हीसीआरएम. २००५पासून चालू, परवाना एजीपीएल. वर्डप्रेस, ड्रूपल किंवा जूमलावर बसते; संस्थेची वेबसाइट आधीच त्यांपैकी एकावर असेल, तर बरेच काम हलके होते.

विक्रीसाठी बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये सगळा हिशेब गिऱ्हाइकाचा. इथे संपर्काचे मूळ प्रकार तीन: व्यक्ती, संस्था आणि कुटुंब. एका घरातल्या चौघांना वार्षिक अहवालाच्या चार प्रती जाणे त्यामुळे टाळता येते.

खरी कसोटी दुबार नोंदींची. एकच बाई पावतीपुस्तकात कुलकर्णी, वर्गणीच्या यादीत कुळकर्णी आणि एक्सेलमध्ये नुसत्या 'कुलकर्णी मॅडम'. सिव्ही नाव, ई-मेल, फोन अशा रकान्यांना गुण देते; बेरीज ठरलेल्या मर्यादेला पोचली की नोंदी जुळत्या धरते. हे गुण आपण बदलू शकतो. नावाच्या लेखनावर विसंबू नका, फोनला जास्त गुण द्या. (नवरा-बायकोचा नंबर एकच असतो कधीकधी, तेवढे पाहा.)

पॅनचा रकाना आपला आपण घालून घ्यावा. २०२१-२२पासून करसवलतीच्या देणग्यांचे देणगीदारनिहाय विवरण प्राप्तिकर खात्याला द्यावे लागते. रकाना रिकामा राहिला की हे विवरण भरताना, मे महिन्यात, कार्यालयाची त्रेधा उडते.

सर्व्हर, बॅकअप, अपडेट यांचा खर्च अंदाजपत्रकात धरा. शंभर-दीडशे सभासदांच्या संस्थेला मात्र, स्पष्टच सांगायचे तर, नीट ठेवलेली एक्सेल पुरते.