दप्तराचे नवे घर

'सर्व्हर' हा शब्द ऐकला की थंडगार खोलीतले लुकलुकणारे दिवे डोळ्यांपुढे येतात, आणि मराठीच्या प्राध्यापकाने या भानगडीत पडावे कशाला, असे वाचकांना वाटेल. पण गेल्या वर्षी आमच्या प्राचार्यांनी महाविद्यालयाची सारी कागदपत्रे सर्वांना एकत्र लिहिता-वाचता यावीत, अशी सोय महाविद्यालयातच करायचे ठरवले आणि आराखड्याच्या समितीत माझे नाव घातले. कारण उघड होते. सर्वांत मोलाचे दप्तर आमच्या विभागाचे! वीस वर्षे विद्यार्थ्यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. गाणाऱ्यांपैकी कित्येक आजीबाई आज हयात नाहीत. त्यांचे आवाज मात्र एका जुनाट संगणकात आणि चार पेन ड्राइव्हमध्ये विखुरले होते.

एकच मजकूर दोघांनी दोन ठिकाणी बसून हाताळायचा, ही कल्पना तशी जुनी. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ती भर सभेत करून दाखवली. आज त्यासाठी नेक्स्टक्लाउडसारख्या मुक्त प्रणाली मिळतात. ती २०१६ साली निघाली. प्रणाली फुकट मिळते, पण तिला राहायला घर लागते, आणि आराखडा करायचा तो त्या घराचा.

पहिला प्रश्न आला माणसांचा. आम्ही सारे मिळून साठ जण. "म्हणजे साठ जणांना पुरेल असे यंत्र हवे," प्राचार्य म्हणाले. आमच्या भौतिकशास्त्राच्या बाई हसल्या. "सर, लग्नाला आमंत्रणे पाचशे असली तरी पाट मांडतो ते एका पंगतीपुरतेच ना? एका वेळी किती जण लिहायला बसतील ते मोजू या." मोजले, तर ऐन परीक्षेच्या दिवसांतही पंधराच्या वर आकडा जाईना. यंत्राची स्मृती आणि प्रोसेसर या पंगतीवर ठरतात. नुसत्या नावनोंदणीने फारसा भार पडत नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. येथे मला मोठी मौज वाटली. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. तरी अडीचशे पानांचे पुस्तक एक-दोन मेगाबाइटमध्ये बसते! उलट, उत्तम प्रतीचे एक तासाचे ध्वनिमुद्रण सुमारे ६३५ मेगाबाइट जागा अडवते. आमची दोनशे तासांची मुद्रणे म्हणजे सव्वाशे गिगाबाइटच्या वर. लिहिलेला शब्द किती काटकसरी आणि बोललेला किती उधळा! चार टेराबाइटच्या दोन तबकड्या घ्यायच्या आणि दोन्हींवर तेच लिहायचे, असे ठरले. एक बिघडली तर दुसरी काम चालू ठेवते.

खरी खडाजंगी झाली ती पुढे. "दोन तबकड्या आहेत, मग आणखी प्रती कशाला? खर्च वाचवा," असे प्राचार्यांचे म्हणणे. मी म्हणालो, "सर, ही जुळी भावंडे आहेत. एकीवरची ओवी चुकून पुसली, तर दुसरीवरचीही त्याच क्षणी पुसली जाते." शिवाय आग लागली तर दोन्ही एकाच खोलीत! १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचे एक अख्खे सर्व्हरगृह जळाले आणि ज्यांच्या प्रती अन्यत्र नव्हत्या, त्यांतल्या अनेकांना माहितीवर पाणी सोडावे लागले. म्हणून या धंद्यातले जाणते तीन-दोन-एक असा नियम सांगतात: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. आपण घराची कागदपत्रे कपाटात ठेवतो आणि नक्कल बँकेच्या लॉकरमध्ये, तसेच हे. अखेर प्राचार्यांनी मान डोलावली. फायली आणि त्यांची नोंदवही असलेला डेटाबेस, दोहोंची प्रत एकाच वेळी घ्यायची हेही तेव्हाच ठरले; एक जुने आणि एक नवे असले तर मेळ बसत नाही.

प्रत घेतली म्हणजे संपले, असेही नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्याच्या हातून मुख्य माहितीसाठा पुसला गेला. प्रती घेण्याच्या अनेक व्यवस्था होत्या. ऐन वेळी बहुतेक कुचकामी ठरल्या. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती लागली. हे ऐकल्यावर बाईंनी नियम घातला: दर तिमाहीला कोणतीही एक फाइल प्रतीतून दुसऱ्या यंत्रावर काढून पाहायची. पहिल्या खेपेस एक ओवी निघाली. आवाज स्वच्छ होता. मागची जात्याची घरघरसुद्धा.

जागा निवडली ती दुसऱ्या मजल्यावरची, पाण्याच्या टाकीपासून दूर. वीज गेल्यावर यंत्र शिस्तीत बंद होण्यापुरती बॅटरी बसवली. वर्षाचे ९९ टक्के सेवा चालली तरी साडेतीन दिवसांहून अधिक काळ ती बंद राहू शकते. आम्हांला तेवढे चालते. मात्र ते दिवस निकालाचे नसावेत.

शेवटचे काम माझ्या वाट्याला आले. किल्ल्या कोणाकडे, परवलीचे शब्द कोठे, यंत्र बंद पडले तर आधी काय करायचे, हे सारे मी साध्या मराठीत चाळीस पानांच्या वहीत लिहीत आहे. बाई आणखी चार वर्षांनी निवृत्त होतील. त्यानंतर जो कोणी येईल, त्याला ती वही कार्यालयाच्या कपाटात सापडली पाहिजे.