सिलिपाट अंगणात आणण्यापूर्वी

नागपूरहून सौंसरमार्गे छिंदवाड्याला जाणारी अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वेलाइन १९१३च्या सुमारास पूर्ण झाली आणि शंभर वर्षांहून अधिक काळ चालून, ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१५च्या अखेरीस बंद झाली. रुळांखाली आडव्या टाकलेल्या लाकडी तुळईला सिलिपाट म्हणतात. छोट्या लाइनचे सिलिपाट साधारण पाच फूट लांब, सहा इंच रुंद आणि साडेचार इंच जाड असे, म्हणजे बागेतल्या पायरीला किंवा फुलांच्या वाफ्याच्या कडेला जणू मापूनच कापलेले. काँक्रीटचे सिलिपाट आल्यावर जुनी लाकडे लिलावात निघाली, की त्यांना बागेसाठी गिऱ्हाइके मिळतात यात नवल नाही.

मात्र ते लाकूड इतकी वर्षे का टिकले, हा प्रश्न खरेदीआधी विचारला पाहिजे. साल आणि सागवान यांचा गाभा मुळातच वाळवीला दाद देत नाही, म्हणून त्यांचे सिलिपाट बहुधा प्रक्रियेविना वापरले जात. देवदार, चीड यांसारख्या नरम लाकडांना मात्र क्रिओसोट, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले तेल, बंद टाकीत दाबाने पाजावे लागे. हे तेल बाहेरच्या रसकाष्ठात मुरते, गाभ्यात फारसे शिरत नाही. त्यामुळे असे लाकूड करवतीने कापले की कडेला काळपट पट्टा आणि आत फिकट गाभा स्पष्ट दिसतो. मे महिन्याच्या उन्हात त्याच्या भेगांतून आणि खिळ्यांच्या भोकांतून काळे चिकट थेंब पाझरतात व डांबरगोळीसारखा वास सुटतो, कारण त्या गोळीतले नॅफ्थलीन क्रिओसोटचाही एक घटक असते. ज्या लाकडात हिरवट झाक दिसते त्यात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे क्षार असण्याची शक्यता असते. या क्षारांनी लाकूड टिकवण्याची पद्धत देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी १९३३ साली शोधली, हे भारतीय विज्ञानाचे मोठे श्रेय आहे. तरी आर्सेनिकच्या धोक्यामुळे अमेरिकेत २००३च्या अखेरीपासून घरगुती वापरासाठी असे लाकूड तयार करणे थांबवण्यात आले. जुने झाल्यावर ही हिरवी झाक उडून लाकूड करडे पडते, त्यामुळे केवळ रंगावर विसंबता येत नाही, आणि खात्री नसेल तर ते प्रक्रिया केलेलेच समजावे.

वाळवीला मारणारे द्रव्य माणसालाही बाधते, म्हणून अशा लाकडाची जागा अन्न, हात आणि विस्तव यांच्यापासून दूर असावी. शोभेच्या झाडांची कड किंवा उताराची माती अडवणारा बांध यांसाठी ते चालेल, पण मेथी-पालकाचा वाफा, कोंबड्यांचे खुराडे, मुलांचा झोका, बसायचे बाक आणि विहिरीचा काठ यांसाठी मुळीच नाही. लाकडातले आर्सेनिक लगतच्या मातीत उतरते आणि ती माती मुळा-गाजरासारख्या कंदांना चिकटून स्वयंपाकघरात येते. संत्र्याच्या लदलेल्या फांद्यांना टेकू द्यायला बांबू आहेच. कापताना हातमोजे आणि मास्क वापरावा, खाली ताडपत्री अंथरावी आणि भुसा खतात किंवा गोठ्यात न टाकता वेगळा गोळा करावा. सर्वांत मोठा धोका चुलीचा आणि अंघोळीच्या बंबाचा: उरलेला तुकडा जळण म्हणून घातला तर धूर घरात कोंडतो, आणि आर्सेनिक असलेल्या लाकडाची राख तर भांडी घासायला किंवा झाडाच्या आळ्यात टाकायला घेतली जाण्याचीच भीती असते.