दैवाचा अंमल कोठवर?

नशीब म्हणून जगात काही नाहीच, ज्याची वृत्ती प्रसन्न आणि उमेद प्रबळ त्याचे दैव आपोआप उघडते, असा समज अलीकडे सुशिक्षितांत दृढ होत चालला आहे. आणि कपाळी लिहिलेल्यात तिळमात्र फेरफार व्हावयाचा नाही, हा त्याच्या उलट समज तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. दोन्ही वस्तुस्थितीला धरून नाहीत. परंतु त्यांतला पहिला मला अधिक घातक वाटतो, कारण वरकरणी पुरुषार्थाची भाषा बोलून अखेर तो आपद्ग्रस्तालाच गुन्हेगार ठरवितो.

९ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकेचे जे विमान दुसरा अणुबाँब घेऊन जपानवर आले, त्याला हुकूम होता तो कोकुरा शहराचा, कारण तेथे दारूगोळ्याचा मोठा सरकारी कारखाना होता. परंतु ढगांनी आणि धुराने ते शहर असे झाकले गेले होते की, तीन फेऱ्या घालूनही लक्ष्य दृष्टीस पडेना, तेव्हा विमान नागासाकीकडे वळले आणि तेथील हजारो माणसे एका क्षणात मृत्युमुखी पडली. कोकुऱ्याचे रहिवासी त्या सकाळी आशावादी होते आणि नागासाकीचे हताश, असे म्हणावयास कोणाची जीभ धजेल? मनुष्याच्या गुणदोषांशी ज्यांचा यत्किंचितही संबंध नाही अशा कारणांनी त्याचे बरेवाईट घडते, एवढ्या अर्थाने दैव खरे आहे. आणि कर्माचा एवढा पुरस्कार करणाऱ्या गीतेनेही अठराव्या अध्यायात कार्यसिद्धीची पाच कारणे सांगताना पाचवे म्हणून त्याचीच गणना केली आहे, ती उगीच नव्हे.

मात्र दैव खरे आहे म्हणजे ते कोणाचा जमाखर्च ठेवते, असे नव्हे. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या जुगारगृहात रूलेटची गोळी लागोपाठ २६ वेळा काळ्या घरात पडली, आणि आता तांबडे आलेच पाहिजे या भरवशावर पैसे लावीत गेलेल्यांचे दिवाळे निघाले. वस्तुतः चक्राला मागल्या फेरीची स्मृती नसते, आणि तांबड्याची शक्यता पहिल्या फेरीत होती तेवढीच, ३७ घरांत १८, ही अखेरपर्यंत कायम होती.

मग वृत्तीचा काहीच प्रभाव नाही काय? आहे, पण त्याची हद्द ठरलेली आहे. इंग्लंडातील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी स्वतःला भाग्यवान आणि अभागी समजणाऱ्यांना एक वृत्तपत्र देऊन त्यातील छायाचित्रे मोजावयास सांगितले, तेव्हा दुसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत छापलेली छायाचित्रांची संख्या भाग्यवान म्हणविणाऱ्यांच्या नजरेत चटकन भरली आणि इतरांच्या बहुधा निसटली. परंतु त्यांनीच लॉटरी खेळणाऱ्या ७००हून अधिक लोकांची पाहणी केली, तीत स्वतःला भाग्यवान मानणाऱ्यांच्या पदरात इतरांपेक्षा काहीही अधिक पडले नाही. सावध आणि प्रसन्न मनाला समोर आलेली संधी दिसते. सोडतीचा आकडा त्या मनाच्या आज्ञेत नसतो.

पेनिसिलिनच्या इतिहासात हे दोन्ही धागे एकत्र गुंफलेले आहेत. १९२८ साली सुट्टीवरून परतलेल्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांना लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात जंतूंच्या तबकडीवर बुरशी चढलेली आढळली. ती तेथे पडली हा निव्वळ योगायोग, परंतु तिच्याभोवतीचे जंतू विरघळत आहेत हे ध्यानी आले ते त्यांच्या जंतुशास्त्रातील दीर्घ व्यासंगामुळे. त्या बुरशीतून औषध निष्पन्न करण्याचे श्रम ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, आणि १९४० साली उंदरांवर त्याचा गुण सिद्ध झाला. पुढल्याच वर्षी ते एका पोलीस शिपायाला टोचण्यात आले. त्याला उतार पडू लागला, पण साठा इतका तुटपुंजा होता की त्याच्या लघवीतून औषध काढून पुन्हा टोचावे लागे, आणि तेही संपल्यावर तो दगावला. त्याला कमी पडले ते औषध, आणि ते अमेरिकेतील कारखान्यांतून मुबलक निघू लागावयास आणखी दोनतीन वर्षे लागली.