मुद्द्यावरून निकालाचा शोध

महाडच्या चवदार तळ्याच्या खटल्यात १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. तो कोणत्या मुद्द्यावर लागला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, असा वादींचा दावा होता. तो त्यांना सिद्ध करता आला नाही. हकीकत कितीही मोठी असो, निर्णय नेमक्या मुद्द्यावर होत असतो.

एके काळी असे निकाल वाचण्यासाठी वकिलांच्या ग्रंथालयाची पायरी चढावी लागे. आज ‘इंडियन कानून’ हे संकेतस्थळ आणि सर्वोच्च न्यायालयाचे ‘ई-एससीआर’ विनामूल्य उपलब्ध आहेत. पक्षकारांची नावे माहीत नसली तरी मुद्द्यावरून निकाल शोधता येतो. तो कसा शोधावा, हे एका उदाहरणाने स्पष्ट करू.

समजा, एका भगिनीला तिच्याच अंगणात जातिवाचक शिवीगाळ झाली आणि ‘घरातली बाब आहे, अ‍ॅट्रॉसिटी लागत नाही’ असे तिला सांगण्यात आले. येथे ‘शिवीगाळ’ एवढाच शब्द घालून शोधल्यास हाती ढीग लागेल. कायद्यातील अट अपमान ‘लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी’ होण्याची आहे. म्हणून मुद्दा असा मांडावा : घराचे अंगण हे असे ठिकाण ठरते काय? निकाल बहुतांशी इंग्रजीत असल्याने कायद्यातील मूळ शब्द, म्हणजे ‘विदिन पब्लिक व्ह्यू’, रोमन लिपीत अवतरणचिन्हांत लिहून शोधावेत. त्यामुळे ते शब्द सलग आलेले निकाल पुढे येतात.

कलमांचे क्रमांकही बदलतात. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीपूर्वी हा गुन्हा कलम ३(१)(१०) खाली येई. आता तो ३(१)(आर) खाली येतो. दोन्ही क्रमांक घालून पाहावेत, एरवी जुने निकाल नजरेतून सुटतात.

असा शोध घेता दोन निकाल समोर येतात. स्वर्णसिंग प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, घराबाहेरील हिरवळ रस्त्यावरून दिसत असेल तर ते लोकांच्या दृष्टीतील ठिकाण होय. हितेश वर्मा प्रकरणात (२०२०) घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना घडलेला प्रसंग त्यात बसत नाही, असे ठरले. म्हणजे अंगण रस्त्यावरून दिसत होते काय आणि तेथे कोण हजर होते, या गोष्टी फिर्यादीत स्पष्टपणे आल्या पाहिजेत. शोधाचे खरे फळ हेच.

निकाल वाचताना वकिलांचा युक्तिवाद आणि न्यायालयाचा निष्कर्ष यांची गल्लत होऊ देऊ नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या निकालाचे पुढे काय झाले, ते पाहावे. २० मार्च २०१८ च्या सुभाष काशिनाथ महाजन निकालाने अटकेपूर्वी मंजुरीची अट घातली आणि गुन्हा नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची वाट मोकळी केली. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ आणून ही दोन्ही बंधने दूर केली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी पृथ्वीराज चौहान प्रकरणात कलम १८-अ वैध ठरविले. २०१८ चा निकाल मात्र संकेतस्थळावर आजही आहे. तोच कोणी पुढे केला आणि आपण मान डोलावून परतलो, तर हाती असलेला हक्क केवळ अज्ञानापायी जाईल. यासाठी निकालाचा उल्लेख पुढे कोणत्या निकालांत झाला, त्याची यादी संकेतस्थळावर असते. ती अवश्य उघडावी आणि नव्या निकालापासून मागे वाचत यावे.

हा शोध वकिलाची जागा घेत नाही. परंतु मुद्दा, कलम आणि अद्ययावत निकाल कागदावर उतरवून त्यांच्याकडे जाणारा पक्षकार नेमके प्रश्न विचारू शकतो. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींनी आपापल्या वस्तीत निदान एका कुटुंबाला एवढे साहाय्य करावे, ही आमची अपेक्षा आहे. ‘शिका’ या आदेशात हेही शिक्षण येते, असे आम्ही मानतो.